परतीची बस

पणजीत कांपालला कला अकादमीत मी पाहिलेल्या नाटकांपैकी कितीतरी नाटकांचा शेवट मला दुसऱ्याच्या तोंडून कळला आहे. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात पडदा वर जायचा, पहिला अंक संपायचा, दुसरा रंगात यायचा आणि माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे वळायची. मग ओळीतल्या लोकांचे गुडघे चुकवत अंधारात बाहेर पडायचे, मिळेल त्या वाहनाने पाटोवरचे बसस्थानक गाठायचे आणि माझ्या गावची, माशेलची बस उभी आहे का ते बघायचे. आठ-साडेआठ वाजून गेले की आमच्या बाजूच्या बसचा भरवसा नसे. नायिका घर सोडून गेली की राहिली, हे दुसऱ्या दिवशी शाळेत सहकारी बाईंकडून ऐकायचे. त्या पणजीतच, मळा या भागात राहत. नाटक संपले की रमतगमत चालत घरी जात. आमचा पगार सारखा, आवड सारखी, तिकीटही एकाच दराचे. त्यांच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये बस नव्हती, माझ्या आणि माझ्या घराच्या मध्ये होती, एवढाच फरक.

हे सगळे पुन्हा वर आले ते पुण्याच्या भाचीमुळे. गेल्या थंडीत ती चार दिवस राहायला आली. ‘मावशी, बीच पुरे झाले. कुणी बघत नाही तो गोवा दाखव, आणि तुम्ही खाता तेच खाऊया,’ म्हणाली. मी म्हटले, दाखवते, पण गाडी भाड्याने घ्यायची नाही. बस, फेरीबोट आणि पाय. ती कबूल झाली. त्या चार दिवसांत जे पाहिले आणि जे राहून गेले, त्यावरून माझे एक मत पक्के झाले. गोव्यात दडलेले म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतेक बसच्या वाटेवर उघड्यावर उभे आहे. आपण बसमधून उतरून आपापल्या गाडीत बसलो, म्हणून ते दिसेनासे झाले. आणि जे अजून बसने फिरतात त्यांनी किती पाहायचे, हे रात्रीची शेवटची बस ठरवते.

सुरुवात अगदी पायाखालून करता येते. पणजीच्या बसस्थानकातून जुन्या गोव्याकडे निघालेली बस लगेचच रायबंदरच्या बांधावर चढते. पोर्तुगीज विसरई (व्हाइसरॉय) काउंट लिन्हारेस याने १६३३-३४ मध्ये बांधवलेला हा बांधवजा पूल, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला खारफुटी आणि पाणथळ. शिवनेरीवर शिवराय तीन-चार वर्षांचे होते, तेव्हा इथे दगडावर दगड बसत होता. आज त्याच वाटेने फोंड्याच्या, माशेलच्या, रायबंदरच्या बसगाड्या सकाळपासून जातात. भाचीने खिडकीतून मान काढून खाली पाहिले आणि शेजारच्या मुलाला विचारले, ‘तुम्हाला हे ठाऊक होते?’ तो खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, कित्येक वर्षे याच बसने जाणारा. त्याला ठाऊक नव्हते. त्याचा दोष काय? त्याला कुणी कधी सांगितलेच नाही. आणि स्कूटरवाल्यांना तर हा रस्ता भेटतही नाही. ते कदंब पठारावरच्या बगलमार्गाने सरळ निघतात, आणि सारे रायबंदर डोंगराच्या पलीकडे राहून जाते.

पणजी शहरातही हेच. आझाद मैदानाच्या कडेला मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंती १९३५ सालच्या निळ्या-पांढऱ्या चित्रफरशांनी मढवलेल्या आहेत, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. समोरच्या रस्त्याने सरकारी कामाला येणारी माणसे दिवसभर वाहत असतात. पण आत डोकावणारा विरळा. महालक्ष्मीचे देऊळ १८१८ चे, पोर्तुगीज अमलात पणजीत उभे राहिलेले. मळ्यातली फेनिक्सची झर आणि बॉक द व्हाक, म्हणजे गाईचे तोंड, ही दुसरी झर, या दोघींनी एके काळी पणजीला पाणी पाजले. मोठ्या चर्चच्या पायऱ्यांचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो. त्या चर्चची प्रचंड घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली. अर्धा पडलेला तो मनोरा आणि ही घंटा यांच्यामध्ये आज फक्त एका बसचे अंतर आहे. सकाळी घंटा ऐकावी, बस धरावी आणि अर्ध्या-पाऊण तासात ती जिथून आली त्या विटक्या जांभ्या दगडासमोर उभे राहावे. इतके सोपे आहे ते.

खाण्याचे सांगायचे तर मला भाजीपावापासूनच सुरुवात करावी लागते. सकाळी सातच्या सुमाराला पणजीत कॅफे भोसलेमध्ये किंवा कॅफे ताटोमध्ये जाऊन बसा. पोऱ्या टेबल पुसता पुसता विचारतो, पातळ, सुकी की मिक्स? पातळ म्हणजे वाटाण्याचा किंवा चण्याचा रस्सा, ओल्या खोबऱ्याच्या वाटपाचा. सुकी म्हणजे बटाट्याची, हळदीची, मोहरी आणि कढीपत्त्याची. मिक्स म्हणजे पातळावर सुकीचा एक डाव. स्टीलची बशी येते, बाजूला दोन पाव, हवी तर एक मिरची भजी. पाव फाडून रश्श्यात पहिल्यांदा बुडवला की त्याचा वरचा तांबूस पापुद्रा क्षणभर तसाच राहतो, मग एकदम मऊ होऊन खाली बसतो. तेवढ्या क्षणात तो तोंडात गेला पाहिजे. भाचीला हे जमायला तीन पाव लागले. शेवटी गोड बन्स आणि चहा.

ते होईपर्यंत आजूबाजूला बघावे. पाठीवर पिशवी घेतलेला कारकून, महाविद्यालयातली मुले, बाजारात माल घेऊन आलेली बाई. बहुतेक सगळे पहाटे घर सोडून बसने आलेले. घरी भाकरी-चपाती व्हायच्या आत ज्यांना निघावे लागते त्यांचे हे खाणे. म्हापशाच्या, डिचोलीच्या, फोंड्याच्या बसस्थानकाजवळ हीच बशी, हाच प्रश्न. मला ठाम वाटते की भाजीपाव वाढला तो बसस्थानकांच्या आधाराने. स्वतःच्या गाडीने येणारा माणूस घरी खाऊन निघतो किंवा वाटेत गाडी लावायला जागा आहे तिथे थांबतो. त्या जागा मोठ्या असतात, त्यांचे भाडे मोठे असते आणि तिथे पातळ की सुकी असे कुणी विचारत नाही.

संध्याकाळची बाजू रस ऑम्लेटची. दिवेलागणीला गाडे लागतात. तव्यावर पातळ ऑम्लेट, त्यावर शाकुतीचा गरम रस, वर चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि पाव. कोंबडीचा तुकडा परवडला नाही तरी शाकुतीची चव मिळावी, ही या पदार्थातली युक्ती मला फार आवडते. चौथ्या दिवशी आम्ही उभ्याउभ्या खात होतो तेव्हा गाडेवाल्याने भाचीला विचारले, ‘बाय, खंय वचपाचें?’ माशेल म्हटल्यावर त्याने आमच्या बशा आधी भरल्या. रांगेत आमच्यापुढे दोघे होते. त्यांनीही काही म्हटले नाही. कोणत्या गावाची बस कधी सुटते हे त्या माणसाला पाठ आहे, कारण गिऱ्हाईक कधी आटणार हे त्यावरच ठरते. शेवटच्या बसगाड्या गेल्या की त्याच्यासमोर उरतात फक्त स्कूटरवाले, आणि तेही बरेचसे पुढे निघून जातात.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल, कारण माझे सगळे म्हणणे त्या दिवसात आहे.

जुन्या गोव्यात आम्ही बॅसिलिकापाशी उतरलो. सहलीच्या मोठ्या बसगाड्या तिथेच थांबतात आणि दोन चर्चे दाखवून तिथूनच परततात. आम्ही खाली नदीकडे वळलो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्कु द गामा विसरई असताना उभारलेली कमान तिथे आहे. नवा विसरई नदीतून येऊन या कमानीखालून शहरात शिरायचा. त्याच कमानीखालून पुढे गेले की दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का. चालत येणाऱ्याला फेरीबोटीत पैसे पडत नाहीत. नदी परिवहन खात्याची ती सपाट बोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी जांभ्यावर घासत खाली येते आणि आधी माणसे, मग स्कूटरी, मग चारचाकी असे सगळे आत जाते. आमच्या बोटीत एक पोदेर, म्हणजे पाववाला होता, सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली. भाचीने पोई मागितली. त्याने प्लास्टिक बाजूला केले तेव्हा आतून वाफ आली. कोंडा लावलेली, पोकळ, हातात घेतली की दबणारी पोई. नुसतीच खाल्ली आम्ही, कठड्याला टेकून. पलीकडचा काठ येईपर्यंत ती संपलीही नव्हती.

दिवाडीच्या धक्क्यावर बस नव्हती, म्हणून चालत निघालो. दोन्ही बाजूंना खाजन जमीन: बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, आणि बांधात भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट करणारी मानस, म्हणजे पाण्याची झडप. गाव टेकडीच्या पायथ्याशी. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, त्याचे देऊळ या बेटावर होते. कदंबांच्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असे बिरुद असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडले. देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. ही हकिकत शाळेत मी शिकवली आहे. पण दिवाडीच्या उत्तरेच्या धक्क्यावरून पुन्हा फेरीबोटीत बसून, ज्या पाण्यावरून देव गेला ते पाणी ओलांडून नार्व्याला उतरणे ही गोष्ट वेगळी. बेट केवढे, नदी किती रुंद, पलीकडचा काठ किती जवळ आणि त्या काळी तो किती सुरक्षित, हे अंगाला कळते. देवळाच्या दीपमाळेसमोर भाची बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्या माशेलचा देवकीकृष्णही असाच नदी ओलांडून आलेला. मूळचा चोडणचा, मयेमार्गे माशेलला. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. आज आपण फोंडा महालातली ही देवळे गाडीने एका दुपारी उरकतो आणि ती तिथे का आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. गोव्याचा इतिहास म्हणजे निम्मा नदी ओलांडण्याचा इतिहास आहे. फेरीबोटीत बसल्याशिवाय तो वाचता येत नाही, असे मी म्हणते ते शब्दशः.

पण त्याच दिवशी नार्व्याला आम्ही अडकलो. डिचोलीकडे जाणारी बस मिळेल या आशेने झाडाखाली बसून राहिलो. तास गेला, मग अर्धा तास. आजूबाजूला विचारले तर प्रत्येकाने वेगळी वेळ सांगितली. वेळापत्रक लिहिलेले कुठेच दिसले नाही. शेवटी नारळ भरून निघालेल्या एका टेंपोवाल्याने पुढे बसवून घेतले आणि डिचोलीला सोडले. तो भला माणूस होता. पण सार्वजनिक वाहतूक कुणाच्या भलेपणावर उभी करायची गोष्ट नव्हे. आम्ही दोघी होतो, उजेड होता, म्हणून बसलो. एकटी असते तर मी बसले नसते, आणि भाचीला तर मी बसूच दिले नसते.

त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या, म्हणून मला हा मुद्दा स्पष्ट दिसला. नदी आम्हाला कोणी फुकट ओलांडू देते, आणि जमिनीवर आम्ही अडकतो.

फेरीबोट नफ्यात चालते का, असे दिवाडीच्या किंवा चोडणच्या माणसाला कुणी विचारत नाही. बोटीत पाच माणसे असली तरी ती सुटते. तिचे इंधन, खलाशांचे पगार, दुरुस्ती, हे सगळे सरकार सोसते, कारण नदीपलीकडे राहणाऱ्याला अलीकडे येता आले पाहिजे हे तत्त्व या राज्याने कधीच मान्य केले आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बेतीमधल्या फेरीबोटींनीच बार्देश आणि राजधानी यांना जोडून ठेवले. त्या वेळी हिशेबाची वही कुणी उघडली नाही. ते योग्यच झाले. मग माझे म्हणणे असे की रात्री आठनंतर माशेल, वाळपई, सांगे, काणकोण हीसुद्धा बेटेच होतात. चारी बाजूंनी जमीन असलेली बेटे. दिवाडीला लावलेले तत्त्व त्यांनाही लावा.

यावर ठरलेले उत्तर येते की रात्री प्रवासीच नसतात, रिकाम्या बसगाड्या कशाला पळवायच्या. हे उत्तर देणाऱ्यांनी स्वतः बसने प्रवास केलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. माणूस सकाळी घरातून निघताना परतीचा विचार करून निघतो. संध्याकाळी उशीर झाला तर बस मिळणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो सकाळीही बसने जात नाही. तो कर्ज काढून स्कूटर घेतो. दुकानात काम करणाऱ्या मुलीला रात्री नऊला सुटी होते, हॉटेलातल्या स्वयंपाक्याला अकराला. ती मुलगी सकाळच्या नऊच्या बसमध्ये दिसत नाही याचे कारण रात्रीच्या साडेनऊच्या बसमध्ये आहे. रात्रीची एक बस काढून टाकली की सकाळच्या बसमधली दहा माणसे हळूहळू कमी होतात, मग सकाळच्या फेऱ्याही तोट्यात दिसू लागतात, मग त्यातल्या दोन बंद होतात. हे मी माझ्या वाटेवर तीस वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे.

परिणाम समोर आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. नोंदणी झालेली वाहने आज पंधरा लाखांच्या पुढे आहेत. आपण हे श्रीमंतीचे लक्षण समजतो. मला त्यात कितीतरी घरांची लाचारी दिसते. गावातल्या ज्या बाईच्या दोन मुलांनी दोन स्कूटरी घेतल्या, तिला मी ओळखते. तिने त्या हौसेने घेऊन दिल्या नाहीत. मुलगी रात्री बसस्थानकावर ताटकळू नये म्हणून घेऊन दिल्या, आणि आता ती रोज रात्री मुलगी स्कूटरवरून घरी पोचेपर्यंत दारात उभी असते.

तोट्याचा मुद्दा मी टाळत नाही. रात्रीच्या फेऱ्यांना पैसा लागेल, चालक-वाहकांच्या पाळ्या वाढतील, त्यांना झोपायला आणि खायला सोय लागेल. पण मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला, पाच किलोमीटरहून लांब. तो रोज किती कमावतो, असे कुणी विचारत नाही, विचारूही नये. गाडीवाल्याच्या सोयीला आपण विकास म्हणतो आणि बसवाल्याच्या सोयीला तोटा. ही भाषा मला मान्य नाही.

खासगी बसवाल्यांनाही मी दोष देणार नाही. दिवसाच्या गल्ल्यावर ज्यांचे पोट आहे ते बस भरल्याशिवाय सोडणार नाहीत, पुढच्या बसशी शर्यत लावणार, दुपारच्या आणि रात्रीच्या रिकाम्या फेऱ्या गाळणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. उपाय एकच आहे, प्रवासी किती चढले त्यावर नव्हे तर बस किती किलोमीटर धावली आणि वेळेवर धावली का, यावर त्यांना पैसे देणे. ‘म्हजी बस’ योजनेत खासगी बसगाड्यांना कदंब या सरकारी वाहतूक महामंडळाच्या छत्राखाली आणण्याची कल्पना आलीच आहे. तिचा खरा कस दिवसाच्या गर्दीत लागायचा नाही, रात्री दहाला लागेल. पणजी शहरात २०२४ पासून कदंबाच्या विजेवरच्या बसगाड्या फिरू लागल्या, त्या मला मनापासून आवडतात. आवाज नाही, धूर नाही, पायरी खाली असल्याने गुडघ्यांना त्रास नाही. पण शहरात छान फिरून मी बसस्थानकावर आले आणि पुढे गावाला जायला काही नसले, तर त्या फिरण्याचा मला उपयोग किती?

हे मागणे नवे नाही, आणि अशा मागण्या या राज्यात मान्य झालेल्या आहेत. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केले. त्या वेळी गोव्याची स्वतःची सरकारी बससेवा नव्हती, सारे खासगी मालकांच्या हातात होते. पाठोपाठ १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. म्हणजे ज्या लाल-पांढऱ्या, हिरव्या, निळ्या बसगाड्यांना आपण आज गृहीत धरतो, त्या रस्त्यावर उतरलेल्या मुलांमुळे आल्या. महामंडळाला नावही कदंबांचे दिले, ज्यांचा देव दिवाडीहून नार्व्याला गेला त्यांचे. त्या नावाची एक बस तरी नार्व्याच्या फेरीबोटीची वेळ बघून सुटावी, असे मला वाटते. बोट धक्क्याला लागावी आणि बस उभी असावी. कागदावर दोन वेळा जुळवण्याचे काम आहे ते.

रात्री मांडवीच्या काठावर उभे राहिले की कॅसिनोंच्या छोट्या बोटी धक्क्यावरून गिऱ्हाइके नेताना-आणताना दिसतात. मध्यरात्रीही, पहाटेही. म्हणजे रात्री माणसे नेणे-आणणे या शहराला जमते. ज्यांना पैसे उधळायचे आहेत त्यांची ने-आण होते. त्यांची ताटे धुणारा मुलगा जो पलीकडच्या गावात राहतो, त्याला मित्राची दुचाकी शोधावी लागते. मला हे बघवत नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. गोव्यात बारा तालुके आहेत. पणजी ज्यात आहे ती तिसवाडी सोडली तर अकरा उरतात. रोज रात्री साडेदहाला पणजीच्या बसस्थानकातून पेडणे, म्हापसा, डिचोली, वाळपई, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपे, मडगाव, काणकोण आणि वास्को या अकरा ठिकाणी प्रत्येकी एक बस सुटावी. अकरा बसगाड्या, बस्स. माझी माशेलची सोय फोंड्याच्या बसमध्ये होईल, ती बाणस्तारीवरून नेली तर. वाटेवरच्या गावांना ती कधी पोचेल हे मराठीत आणि कोकणीत पाटीवर लिहिलेले असावे. एखाद्या रात्री बस रिकामी गेली तरी ती सुटली पाहिजे, पाच माणसांसाठी फेरीबोट सुटते तशी. कारण लोक बसवर विश्वास ठेवायला वेळ घेतात, आणि एका रात्रीत तो गमावतात. तो गमावण्याची एक रात्र मी स्वतः अनुभवली आहे: वाट पाहिलेली शेवटची बस आलीच नाही, आणि पाऊस पडत होता. त्या रात्री मी मळ्यातल्या बाईंच्या घरी झोपले. त्यानंतर वर्षभर मी संध्याकाळी पणजीत थांबले नाही. नाटक नाही, व्याख्यान नाही, मध्यवर्ती ग्रंथालयात बसणे नाही.

पाहुण्यांचेही यात हित आहे. आज बाहेरून आलेल्याला पहिल्याच दिवशी भाड्याची स्कूटर घ्यावी लागते. त्या काळ्या पाट्यांच्या स्कूटरी पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत, लोकांच्या दारांत, खिडक्यांखाली उभ्या राहतात आणि तिथले रहिवासी वैतागतात. त्यातला निम्मा पाहुणा बसने आला असता, परतीची खात्री असती तर. आणि बसने आलेला पाहुणा भाजीपाव खातो, पोदेराला थांबवतो, गाड्यावर रस ऑम्लेटसाठी रांगेत उभा राहतो, कारण त्याला वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना भूक लागते. अशा पाहुण्याचा पैसा गावात राहतो.

एक वर्ष करून बघा. आणि प्रवासी मोजायचे तर फक्त रात्रीच्या साडेदहाच्या बसमध्ये मोजू नका. त्याच मार्गावरची सकाळची सातची, आठची, नऊची बस मोजा, वर्षापूर्वी किती होते आणि आता किती आहेत ते बघा. कॅफेच्या मालकाला विचारा, सकाळचा पाव किती लागतो. गाडेवाल्याला विचारा, गाडा कधी उचलतोस. कला अकादमीत तिसरी घंटा झाल्यावर उभे राहा आणि दुसऱ्या अंकाच्या मध्याला किती बायका उठून बाहेर पडतात ते मोजा.